आईचं माहेरचं आडनाव

मुक्ताबाई दरेकरांना एक सवत होती, आणि ती कधीच मेलेली होती. त्यापेक्षा जिवंत सवत परवडली, असं त्या शेजारणींना हसतहसत सांगायच्या. जिवंत असली तर निदान दोन शब्द भांडता तरी येतं. मेलेलीपुढे मान खाली घालावी लागते, आणि ती वर कर म्हणणारं कुणी नसतं.

तात्याराव दरेकरांची पहिली बायको मालन. मांजरीच्या घुल्यांची लेक. पोरगा दोन वर्षांचा असताना ती तापाचं निमित्त होऊन गेली, आणि वर्षाच्या आत मुक्ता कसबा पेठेतल्या त्या दोन खोल्यांत नवरी होऊन आली. अंगाची हळद उतरायच्या आधी सासूने तिच्या गळ्यात मालनचा चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती. "ही थोरली. आधी तिचं, मग तुझं," सासू म्हणाली. म्हातारी पुढे गेली, पण तिचा कायदा मागे राहिला. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. पहिला आंबा मालनच्या फोटोपुढे. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला मालनच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, आणि तिच्या आवडीचं काय काय होतं ते तात्यारावांना विचारून रांधायचं. मुक्ताबाईंना स्वतःला काय आवडतं, हे विचारायची वेळ त्या घरात कुणावर आली नाही. त्यांच्यावरही नाही.

माय मरो पण मावशी उरो म्हणतात. मुक्ताबाई मावशीसुद्धा नव्हत्या, नात्याच्या ना गोत्याच्या. तरी पोर पहिल्या दिवशी जे कडेवर चढलं ते उतरायला तयार नव्हतं. त्याचं नाव सुदर्शन. मुक्ताबाईंना स्वतःचं मूल झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं दुःख करत बसायला या पोराने त्यांना सवडही दिली नाही. पण कायदा तो कायदा. परीक्षेला निघालेल्या पोराला त्या आधी फोटोपुढे उभं करायच्या. "ही तुझी आई. तिच्या पाया पड. मी आपली तुला सांभाळणारी." पोरगा पाया पडायचा, आणि "आई, डबा दे" म्हणून यांच्याकडेच हात करायचा. बोर्डाच्या मार्कशीटवर आईचं नाव छापून आलं ते मालन. कॉलेजच्या दाखल्यावर मालन, पासपोर्टावर मालन. मुक्ताबाईंचं नाव त्याच्या कुठल्याही कागदावर नव्हतं आणि ते असावं असं म्हणायची त्यांची हिंमतही नव्हती.

सुदर्शन शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, हिंजवडीच्या कंपनीत लागला. आणि एका हिवाळ्यात, कामावरून परतताना, हायवेवर एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. लॅपटॉपचा चुरा झाला, मोबाईल सापडलाच नाही. पोरगा जागच्या जागी गेला.

त्यानंतर तात्यारावांनी त्याचं नाव टाकलं. टाकलं म्हणजे घेतच नसत. दुसऱ्या कुणी घेतलं तर ताटावरून उठायचे, चपला घालायचे आणि शनिवारवाड्याभोवती फिरत बसायचे. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक झालंय, जपा. म्हणून मुक्ताबाई एकट्याच रडायच्या, तेही नळाला पाणी आलं की, म्हणजे आवाज जाणार नाही.

वर्षाने शंभू आला. सुदर्शनच्या कंपनीतला मित्र, मूळचा अकोल्याचा. दिवाळीत घरी जाता आलं नाही की हा पोरगा दरेकरांकडेच जेवायचा. तात्याराव बाहेर गेलेले पाहून तो आत आला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

"काकू, ती गप्पांगण साईट होती ना, सुदर्शन त्याच्यावर लय असायचा. आता सगळी दुनिया फेसबुकवर गेली. ती बंद होऊन राहिली शनिवारी. मंग काहीच नाही उरत. फोटो, बिटो, सब डिलीट."

"त्याचे फोटो आहेत रे माझ्याकडे. लग्नाकार्यातले."

"फोटोचं नाही म्हणत मी." शंभू घुटमळला. "त्याचा आवाज आहे त्याच्यात."

मुक्ताबाईंच्या हातातली चहाची कपबशी तशीच राहिली.

सुदर्शन नकला करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. शंभूने सांगितलं ते ठाऊक नव्हतं. ऑफिसात एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्या घराची नक्कल रेकॉर्ड केली होती. तात्याराव पेपर वाचताना कसे खाकरतात, खालचा दूधवाला कसा ओरडतो, आणि आई सकाळी कशी उठवते. "ऊठ रे सोन्या, दूध निवलं, ऊठ रे." शंभू म्हणाला, पोरं हसून हसून खाली पडली होती. ती नक्कल सुदर्शनने गप्पांगणवरच्या आपल्या खात्यात ठेवली होती, कुलूप लावून, त्याच्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही अशी.

वर्षभरात मुक्ताबाईंची एकच भीती होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पोराचा चेहरा फोटोत होता, पण त्याचा आवाज त्यांना आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की ओठ हलताना दिसायचे, आणि बोलणं यायचं नाही. आता हा पोरगा म्हणत होता की तो आवाज आहे, शनिवारपर्यंत आहे, आणि तो त्यांच्याच शब्दांत बोलतो आहे.

"मग लाव की रे," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर त्यांनाच ओळखू आला नाही.

इथंच घोडं पेंड खात होतं. पासवर्ड सुदर्शनबरोबर गेला होता. 'पासवर्ड विसरलात का?' असं खाली लिहिलेलं होतं, त्यावर शंभूने दाबलं. नवा पासवर्ड सुदर्शनच्या ऑफिसच्या मेलवर जायचा, आणि ती मेल कंपनीने तो गेल्यावर बंद केली होती. उरला एकच रस्ता. खातं उघडताना सुदर्शनने एक प्रश्न निवडून त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. तेच उत्तर पुन्हा दिलं की दार उघडणार. चुकीची उत्तरं तीनच चालणार होती. मग पंधरा दिवस दार बंद.

पडद्यावर प्रश्न आला. आईचं माहेरचं आडनाव काय?

"घ्या!" शंभू खुशीत आला. "याच्यापेक्षा सोप्पं काय असते? सांगा काकू, तुमचं माहेरचं आडनाव."

शंभूला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो या घरात जेवला होता, फोटोतल्या बाईला आत्या वगैरे समजला होता. मुक्ताबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. आई कोण म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, मार्कशीटपासून पासपोर्टापर्यंत.

"घुले," त्या म्हणाल्या.

उत्तर चुकलं, असं पडद्याने सांगितलं.

शंभू चकित झाला. मग मुक्ताबाईंनी त्याला खरं काय ते सांगितलं, अगदी थोडक्यात, भाजीचा भाव सांगावा तसं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मंग काकू, तुमचंच टाकून पाहू ना."

"नको नको. थांब." त्या घाईने म्हणाल्या. "घुल्यांचंच असणार. लिहिण्यात काही वेगळं असेल. मी विचारून येते."

दुसऱ्या दिवशी देवळात जाते असं सांगून त्या मांजरीची बस धरून गेल्या. मालनचं माहेर हेच त्यांचंही माहेर होतं म्हणायचं. मेलेल्या लेकीच्या जागी आलेलीला लेक मानायची रीत घुल्यांनी शेवटपर्यंत पाळली होती. मालनचा भाऊ धोंडिबा उसाच्या बांधावर उभा होता. निम्म्या उसाच्या जागी आता इमारतींचे खांब वर आले होते. मुक्ताबाईंनी आडनावाचं विचारलं तेव्हा तो हसला.

"आमी घुले पाटील लावतो की आक्का. सात-बाऱ्याला तसंच हाय." मग कपाळ खाजवत म्हणाला, "पर मालन ल्हानपणी मामाकडं वाढली व्हती, हडपसरला. शाळंत तिचं नाव मामाच्या आडनावानंच घातल्यालं. तुपे. सुदर्शनला ठाव व्हतं असंल, त्याला आईचं समदं इचारायची लई हौस. सुट्टीत आला की इचारायचा, माझी मोठी आई कशी व्हती, काय करायची."

मला कधी विचारलं नाही त्याने, मुक्ताबाईंना वाटलं. मग त्यांनीच स्वतःला गप्प केलं. काय विचारणार? आपण काय सांगितलं असतं? परतताना धोंडिबाच्या बायकोने ओटी भरली. ती घेताना त्यांचा हात सवयीने गळ्यातल्या टाकाकडे गेला.

शंभूला शुक्रवारपर्यंत सुट्टी नव्हती, म्हणून मुक्ताबाई गप्पांगणचं ऑफिस शोधत नारायण पेठेत गेल्या. चार पोरांनी मिळून काढलेली साईट, ऑफिस कसलं, जिन्याखालची एक खोली. पोरं दुसरीकडे नोकऱ्यांना लागली होती, आणि आवराआवर करायला मागे ठेवलेले करंदीकर नावाचे एक गृहस्थ खोक्यांना दोरी बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, सगळी साठवण परदेशातल्या मशीनवर आहे. माझ्याकडे किल्ली नाही. असती तर प्रश्न न विचारता मीच उघडून दिलं असतं." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा मुक्ताबाईंकडे वळवला. "एक संधी गेली आहे, दोन आहेत. सांगा."

"घुले पाटील."

चुकलं.

करंदीकरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आईचं माहेरचं आडनाव आईलाच आठवत नाही, असा प्रसंग माझ्या पाहण्यात पहिलाच."

"मी सावत्र आहे," मुक्ताबाई म्हणाल्या.

पुण्याचा माणूस टोमणा मारतो, पण चुकला की मुकाट्याने तो गिळतोही. करंदीकरांनी हातातली दोरी बाजूला ठेवली, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "माफ करा. मी आपलं उगाच बोललो. पण असं पाहा, माहेर तुम्हालाही असेलच की. ते आडनाव टाकून पाहिलंत?"

"ते नसणार."

"कशावरून?"

कशावरून, हे मुक्ताबाईंना नीट माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. त्यांचं माहेरचं आडनाव इंगवले. फलटणजवळचं एक गाव, दोन भाऊ, दोघेही आता नाहीत. किती वर्षांत ते आडनाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ते आता तिथे लिहायचं, आणि चुकलं, असं उत्तर आलं तर? आज आपण त्याच्या आई नाही असं आपण स्वतःच म्हणतो, त्यात मान आहे, रीत आहे. उद्या तोच म्हणाला, नाही, ही माझी आई नाही, तर मग उरलेलं आयुष्य काढायचं कशावर? आवाज जाईल तो जाईल. पण हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. आणि थोरलीच्या आधी आपलं नाव पुढे करायचं, हे गळ्यात टाक असताना हातून व्हायचंही नव्हतं.

"आधी तिचं," त्या म्हणाल्या. "तुपे लिहा."

"बाई, शेवटची संधी आहे. पुन्हा एकदा विचार करा."

"तुपेच असेल. शाळेत तेच होतं तिचं."

करंदीकरांनी लिहिलं. पडद्यावर तांबडी पट्टी आली. खातं पंधरा दिवसांसाठी बंद करण्यात आलं आहे. आणि परवा शनिवार होता.

करंदीकर त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आले. मुक्ताबाई चालत निघाल्या. दुपारची वेळ होती, दुकानं अर्धवट मिटलेली. लक्ष्मी रोडवर कुणाच्या तरी लग्नाची खरेदी चालली होती, पिशव्या सावरत बायका हसत होत्या. मुक्ताबाईंना कुणी धक्का दिला तरी कळत नव्हतं. ऊठ रे सोन्या, त्या मनात म्हणून पाहत होत्या, स्वतःच्याच आवाजात. त्याच्या आवाजात ते कसं असेल, याचा अंदाज लागत नव्हता, आणि आता कधीच लागणार नव्हता.

घरी आल्या तेव्हा तात्याराव पेपर वाचत होते. मुक्ताबाईंनी चपला काढल्या, मालनच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि पाण्याचा नळ सोडायचंही भान न राहता रडू लागल्या. तात्यारावांनी पेपर खाली ठेवला.

"काय झालं?"

"तुम्ही उठून जाल."

"नाही जात. सांग."

त्यांनी सगळं सांगितलं. शंभू, आवाज, मांजरी, नारायण पेठ. सुदर्शनचं नाव चार वेळा आलं तरी तात्याराव उठले नाहीत. खाली बघत ऐकत राहिले. प्रश्न काय होता ते ऐकलं, तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"काय प्रश्न म्हणालीस?"

"आईचं माहेरचं आडनाव."

"आणि तू काय सांगितलंस?"

"घुले. मग घुले पाटील. मग तुपे. काहीच लागलं नाही."

तात्यारावांनी हाताने बस अशी खूण केली, आणि मुक्ताबाई भिंतीला टेकून बसल्या.

"मला फोन आला होता त्याचा," ते म्हणाले. "मी तेव्हा पतपेढीत होतो. नवीनच नोकरी होती त्याची. म्हणाला, तात्या, एक खातं उघडतोय, आईचं माहेरचं आडनाव काय हो? मी म्हटलं, घुले, लेका. उन्हाळाभर मामाच्या मळ्यात लोळून आलास आणि विसरलास होय?"

"मग?"

"हसला. म्हणाला, घुले मोठ्या आईचं, ते मला पाठ आहे. मी आईचं विचारतोय. तिनं स्वतःचं कधी काही सांगितलंय का मला? विचारायला गेलं की फोटोकडे बोट दाखवते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"मी सांगितलं इंगवले. त्यानं पुन्हा विचारून घेतलं, नीट लिहायचं होतं म्हणे."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो." तात्यारावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "घरी आलो तर तू मालनच्या फोटोला हार घालत होतीस. तिच्यादेखत कसं बोलू, असं वाटलं. मग राहूनच गेलं."

वर्षभरात पहिल्यांदाच तात्याराव मुलाविषयी एवढं बोलले होते, आणि ते ऐकून मुक्ताबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पोराने त्यांनाच आई म्हटलं होतं. सगळ्या कागदांवर दुसरीचं नाव होतं, आणि जो एक कागद त्याने स्वतःच्या हाताने भरला त्यावर त्यांचं होतं. जन्मभर हवं होतं ते त्यांना मिळालं होतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण दोन्ही एकाच दुपारी, एकाच दारातून यावं, असं कुणाच्या वाट्याला येत असेल असं त्यांना वाटेना.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की तात्यारावांना वाकावं लागलं. "तीन वेळा विचारलं हो त्यानं मला, आई कोण म्हणून. तिन्ही वेळा मी सांगितलं, मी नाही."

तात्याराव सरकून त्यांच्याजवळ भिंतीला टेकून बसले, आणि संध्याकाळ झाली तरी त्या दोघांपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.